दमूनही झोप येत नाही तेव्हा

आमच्या घरात झोपेविषयी कधी कोणी बोलत नाही. बोलण्यासारखे त्यात काही असते असे कोणाला वाटतच नाही. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून येते, तासभर चुलीपुढे बसते आणि पाठ टेकल्याबरोबर झोपते. आण्णा बाजार समितीत हमाली करतात. त्यांना तर जेवताजेवताच डुलकी लागते. "अंगातनं घाम निघाला की झोप येतीच. ज्याला येत न्हाई त्यानं काम केलं नसंल," हा आमच्याकडचा न्याय. त्यामुळे गेल्या दसऱ्यानंतर मैदानावरून घामाने निथळत घरी येऊनही मी रात्री दीडदोन वाजेपर्यंत टक्क जागी राहू लागले, तेव्हा ही गोष्ट घरात सांगावी कशी हाच पहिला प्रश्न पडला.

पळण्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. मला पोलीस व्हावयाचे आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी मिळून ५० गुणांची मैदानी चाचणी असते. त्यात निम्मे गुण पडले तरच लेखी परीक्षेची वाट मोकळी होते. ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत काढले तर त्याचे पुरे २० गुण पदरात पडतात. दसऱ्याला माझी वेळ होती ३ मिनिटे २४ सेकंद. आमच्या गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांचा हुद्दा हवालदाराचा होता, पण आमच्या भागात पेन्शनीत आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. हे मेजर भरतीच्या मुलामुलींची फुकट तयारी करून घेतात. दिवसा ते साखर कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला असतात, म्हणून आमचे मैदान रात्री साडेसात ते नऊ. सहा मुले आणि आम्ही तीन मुली शाळेच्या पटांगणात खांबावरच्या एका दिव्याच्या उजेडात पळतो.

मुलीने रात्री नऊला घरी परतायचे, ही परवानगी मला सहजासहजी मिळालेली नाही. चुलतभाऊ सोबत असतो या अटीवर, आणि आज्जीने माझी बाजू घेतली म्हणून ती मिळाली. पळण्याने माझी झोप उडाली आहे असे कळले असते तर "बघ, आम्ही म्हणत न्हवतो?" असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद झाले असते. म्हणून मी गप्प राहिले. अंधारात कूस बदलायची तीही बांगड्यांचा आवाज होणार नाही अशा बेताने. पहाटे पाचला नळाला पाणी येते, तेव्हा उठायचे. अकराला कॉलेज. दुपारच्या तासाला डोळे मिटू लागत. ज्या सरांच्या तासाला मी पहिल्या बाकावर डुलक्या घेतल्या, त्यांनी हा लेख वाचला तर त्यांना कारण कळेल अशी आशा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस मेजरांनी वेळ लावली तर ३ मिनिटे ३७ सेकंद! महिनाभर जीव तोडून पळून मी तेरा सेकंदांनी मागे गेले होते.

योगायोग असा की याच सुमारास आमच्या मानसशास्त्राच्या तासाला झोपेचे प्रकरण निघाले. त्या दिवशी मात्र मी जागी होते. तास संपल्यावर मॅडमना बाहेर गाठून माझी अडचण सांगितली. त्या हसल्या नाहीत. "तू दमतेस किती ते मला सांगू नकोस, पळणं किती वाजता थांबतं आणि नंतर झोपेपर्यंत काय काय करतेस, ते पंधरा दिवस लिहून आण," एवढेच त्या म्हणाल्या. ग्रंथालयातून दोन पुस्तके काढून दिली. ती इंग्रजीत होती. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. त्यातून, मॅडमच्या समजावून सांगण्यातून आणि माझ्या वहीच्या मागच्या पानांवरील नोंदींतून जे हाती लागले, ते येथे मांडते आहे. आपल्या कॉलेजात भरतीची तयारी करणारे, कबड्डी खेळणारे, दिवसा काम करून रात्री तालमीत जाणारे पुष्कळ जण आहेत. त्यांतल्या काहींना तरी हा त्रास असणार.

पहिली गोष्ट अशी की दमणे आणि झोप येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८२ मध्ये झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने झोपेचे एक गणित मांडले, ते आजही वापरले जाते. त्याच्या मते झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार. सकाळी उठल्यापासून मेंदू जसजसा काम करतो, तसतसे अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य त्यात साचत जाते आणि ते झोपेकडे ओढू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. ते दिवसरात्रीच्या चोवीस तासांवर चालते आणि कोणत्या वेळी झोप यावी याचा इशारा देते. भार पुरेसा साठला आणि घड्याळानेही मान डोलावली की माणूस झोपतो. व्यायामाने पहिल्या गोष्टीला मदतच होते. मग माझे घोडे अडत होते कोठे?

अडत होते ते शरीराच्या उष्णतेपाशी आणि छातीतल्या धडधडीपाशी.

आपल्या शरीराचे तापमान दिवसभर एकसारखे नसते. ते सायंकाळी सर्वांत जास्त असते, रात्री उतरू लागते आणि पहाटे चारपाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते. हा चढउतार सुमारे एक अंश सेल्सियसचा. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण झोप त्याच्याशी बांधलेली आहे. १९३८ मध्ये नॅथनिएल क्लाइटमन हे अमेरिकन संशोधक आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. आत सूर्यप्रकाश नाही, तापमानात बदल नाही. तेथे त्यांनी चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. विद्यार्थी त्या दिवसाला सरावला, गुरुजींना मात्र ते जमले नाही. त्यांच्या शरीराचे तापमान जुन्या चोवीस तासांच्या चालीनेच वरखाली होत राहिले आणि झोपही त्याच चालीने येत राहिली. गुहेत जाऊनही घड्याळ अंगातच होते म्हणायचे.

आता मैदानावर काय होते ते पाहा. जोरात पळताना शरीराची उष्णता ३८ अंशांच्या वर जाते, बराच वेळ पळाले तर ३९ पर्यंतही पोचते. पळणे थांबले तरी ती लगेच उतरत नाही. तवा चुलीवरून उतरवला म्हणून लगेच हात लावता येतो का? म्हणजे रात्री नऊच्या पुढे, ज्या वेळी शरीराने थंड होत जायचे, नेमक्या त्या वेळी मी ते तापवून घरी आणत होते. त्यात अ‍ॅड्रेनॅलिनची भर. धावायचे, पळायचे, संकटाला तोंड द्यायचे, अशा वेळी शरीर हे द्रव्य रक्तात सोडते. त्याने नाडी वाढते, मन सावध होते. मेजरांची शिट्टी हे काही संकट नव्हे, पण शरीराला ते कोण सांगणार?

मॅडमनी मला नाडी मोजायला शिकवली. पंधरा सेकंद मोजायची आणि चारने गुणायचे. सकाळी अंथरुणातच मोजली तर माझी नाडी ६८ भरे. रात्री साडेदहाला, पळणे थांबून दीड तास झाल्यावर, आडवी पडून मोजली तर ९२. अंग निपचित पडलेले आणि हृदय मात्र अजून पटांगणाच्या शेवटच्या वळणावर! माझ्या जागरणाचा हा पहिला पुरावा माझ्या हाती लागला आणि खरे सांगते, मला फार बरे वाटले. मी ढोंग करत नव्हते, मला कसले वेडही लागले नव्हते.

मग रात्रीचा व्यायाम वाईट, असे म्हणावयाचे का? पुष्कळ ठिकाणी तसे सांगतात. मेजरांच्या एका मित्रानेही "रात्री पळूच नये" असा सल्ला दिला होता. ज्यांची सकाळ मोकळी असते त्यांनी तो खुशाल पाळावा. माझी सकाळ पाण्याच्या हंड्यांत आणि भाकरीत जाते. सुदैवाने हा सल्ला पुरता खरा नाही. २०१९ मध्ये संध्याकाळच्या व्यायामावरील २३ अभ्यास एकत्र करून तपासण्यात आले. त्यांत असे दिसले की संध्याकाळच्या व्यायामाने एकंदरीत झोप बिघडत नाही, उलट गाढ झोप किंचित वाढते. अडचण येते ती फार जोराचा व्यायाम झोपण्याच्या आधी तासाभराच्या आत संपला तर. म्हणजे किती वाजता पळता यापेक्षा जोराचे पळणे थांबल्यापासून अंथरुणापर्यंत किती वेळ जातो आणि तो कसा जातो, हे महत्त्वाचे. नऊला थांबून साडेदहाला झोपणारी मी या हिशेबात काठावर होते, आणि त्या दीड तासात मी जे जे करत होते त्याने काठावरून आत पडत होते.

कारण माझ्या वहीत त्या दीड तासाच्या नोंदी अशा होत्या: नऊ दहाला चहा, मोठा कप. मग गार पाण्याने घाईघाईने हातपाय. पावणेदहाला जेवण, त्यात झणझणीत आमटी. मग अंथरुणात मोबाईलवर भरतीच्या मुलींचे धावण्याचे व्हिडिओ.

चहापासून सुरुवात करते, कारण तो सोडताना जीव सर्वांत जास्त कासावीस झाला. चहाकॉफीतले कॅफीन मेंदूत त्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते. झोपेचा भार साठलेला असतो, पण मेंदूला तो जाणवतच नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरी त्या रात्रीची झोप तासाभराहून अधिक कमी झाली. आपल्या एका कप चहात इतके कॅफीन नसते, हे खरे. पण मी दिवसातून चार कप घेत होते आणि शेवटचा रात्री नऊनंतर. आमच्या मैदानावरची काही मुले तर पळण्याआधी डब्यातले एनर्जी ड्रिंक पितात आणि मग रात्री एकला एकमेकांना निरोप पाठवतात. त्यांना मी काही म्हटले नाही; माझे कोण ऐकणार!

चहा चारच्या आत आटोपायचा असे ठरवले. पहिले तीन दिवस डोके दुखले. चौथ्या दिवसापासून पळून आल्यावर लिंबूपाणी घेऊ लागले, चिमूटभर मीठ घालून. घामातून गेलेले पाणी भरून काढलेच पाहिजे, तहानेनेही झोप मोडते. पण येथेही बेत लागतो. आमचे शौचालय घराबाहेर परड्यात आहे. रात्री उठायचे म्हणजे आईला उठवायचे, बॅटरी घ्यायची, कडी काढायची आणि परत येईपर्यंत झोप पार गेलेली. म्हणून पाणी मैदानावरच थोडे थोडे प्यायचे आणि झोपताना घोटभर. जेवणही मी दोन वेळांत वाटले. संध्याकाळी सहाला अर्धी भाकरी आणि शेंगदाणे, रात्री आल्यावर हलके, म्हणजे बहुधा भात, वरण किंवा दूधभाकरी. उपाशी झोपणे हा उपाय नव्हे. पळून आलेल्याच्या पोटात काही गेले नाही तर रात्री भुकेने जाग येते, हे एका एकादशीला मी अनुभवले आहे.

इतके करून सरासरी झोप लागण्याची वेळ दीडवरून साडेबारावर आली. पुढे सरकेना. कारण मूळ गोष्ट, म्हणजे नऊ वाजेपर्यंतचे जोराचे पळणे, माझ्या हातात नव्हती. ती मेजरांच्या हातात होती. आमचा क्रम असा होता की आधी सावकाश फेऱ्या, मग व्यायाम, आणि शेवटी, दिवसाचा कळस म्हणून, २०० मीटरच्या आठ धावा जीव खाऊन. त्यानंतर शिट्टी आणि घरी.

मेजरांना सांगायला मी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी म्हटले, "मेजर, आठ धावा आधी घेऊन सावकाश फेऱ्या शेवटी घेतल्या तर चालंल का? जोराचं पळणं सव्वाआठलाच संपंल."

"परेड कशी घ्यायची ते आता कॉलेजच्या पोरी शिकवणार व्हय?" ते म्हणाले. मुले हसली. मी गप्प बसले. त्या आठवड्यात क्रम तोच राहिला.

घरातली कोंडी त्याच आठवड्यात फुटली, तीही मी ठरवून नव्हे. पुस्तकात वाचले होते की झोप येत नसताना अंथरुणात लोळत पडू नये. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा नियम सांगितला. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा अशी मेंदूची गाठ पडते. म्हणून वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठावे, दुसरीकडे शांत बसावे आणि डोळे जड झाले की परत यावे. पुस्तकाच्या लेखकाच्या घरी दुसरीकडे म्हणजे दुसरी खोली असणार. आमच्या दोन खोल्यांत पाच जण झोपतो. दुसरीकडे म्हणजे उंबरा. त्या रात्री एक वाजता मी उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसले होते, शाल पांघरून. आईला जाग आली. तिने मला अंधारात बसलेली पाहिली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "कुणाशी बोलतीस गं?"

मोबाईल माझ्याजवळ नव्हताच. पण तिच्या आवाजातली भीती अशी होती की मला रडूच आले. मग मी सगळे सांगितले. आण्णाही उठून बसले. "बंद कर ते पळणं," एवढेच बोलले आणि पुन्हा आडवे झाले.

सकाळी मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. ते चौथीपर्यंत शिकले आहेत. आकडे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतात. मी त्यांना विचारले, "आण्णा, तुमची शेवटची पोती कितीला उतरतात?" ते म्हणाले, "चारपर्यंत." "आणि झोपता कितीला?" "दहाला." मी म्हटले, "मग घाम निघाल्यावर तुम्हाला झोपेआधी सहा तास मिळतात. अंग थंड होतं, नाडी खाली येते. मला मिळतो दीड तास. आई दिवसभर खुरपते, पण दम लागंल असं पळत नाही. तीही सहाला घरी येते. काम तुम्ही माझ्याहून जास्त करता. फक्त तुमचं काम लवकर थांबतं." आण्णांनी वहीची पाने उलटली, नाडीचे आकडे बोट ठेवून पाहिले. मग त्यांनी स्वतःची नाडी मोजायला सांगितली. ६० भरली. ते खूश झाले. पळणे बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी रात्री ते स्वतः पटांगणात येऊन उभे राहिले. मेजरांशी काय बोलले ते मला ठाऊक नाही. दोघे एका वर्गात होते. त्या सोमवारपासून आठ धावा आधी आणि सावकाश फेऱ्या शेवटी, असा क्रम झाला. मेजर म्हणाले की शेवटी हळू पळल्याने पोरांचे पाय कमी धरतात, हे त्यांना पूर्वीपासूनच माहीत होते. असेलही.

आज्जीचा उपाय राहिला. तिने त्याच रात्री काशाची वाटी काढली आणि कोमट खोबरेल तेल लावून माझे तळवे घासले. "उष्णता वढून घेती वाटी," असे ती म्हणते. वाटी उष्णता ओढते हे मला पटत नाही. पण तळव्यांचा आणि झोपेचा संबंध मात्र आहे. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील संशोधकांनी दाखवून दिले की हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते गरम झाले की झोप लवकर लागते. कारण शरीराच्या आतली उष्णता हातापायांच्या वाटेनेच बाहेर पडते. पाय गार पडले की ती वाट अडते. म्हणजे मी इतके दिवस गार पाण्याने पाय धुऊन आत आग ठेवत होते आणि दार लावून घेत होते. गरम पाण्याच्या आंघोळीचेही तसेच. २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र विचार करून सांगितले गेले की झोपेच्या एकदोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंग शेकले तर झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते. गरम पाण्याने अंग थंड होते, हे वाचायला उलटे वाटते, पण कातडीकडे रक्त आले की आतली उष्णता निघून जाते. चुलीवर आई आता माझ्यासाठी एक पातेले पाणी ठेवते. जळण वाढले म्हणून कुरकुरते, पण ठेवते.

आणखी एक गोष्ट मुलींसाठी मुद्दाम लिहिते. अंथरुणात पडल्यावर माझ्या पोटऱ्यांत वळवळ होई, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसे. मला वाटले पळण्याने होत असेल. मॅडमच्या सांगण्यावरून आरोग्य केंद्रात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १०.२ निघाले. शरीरात लोह कमी असले तर पायांची अशी तगमग होऊ शकते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले आहे, म्हणजे मी काही एकटी नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. जेवणाबरोबरचा चहा लोह अंगी लागू देत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. चहाच्या पापात ही आणखी एक भर. मैदानावरच्या एका मुलाने औषधाच्या दुकानातून कोणाला न विचारता झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो अर्धवट गुंगीत गोळा फेकत होता आणि आम्ही सगळे लांब उभे होतो. छातीत दुखणे, चक्कर, नाडी उगाच अडखळणे असे काही असेल, किंवा महिना होऊनही झोप सुधारत नसेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

सर्वच रात्रींचा हिशेब मला लागलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. सगळे नियम पाळूनही एका रात्री दोन वाजले. त्या दिवशी कॉलेजात परीक्षेच्या शुल्काची शेवटची तारीख कळली होती. उलट एकदा चहा, उशिरा जेवण, सगळे चुकवूनही दहाला झोपले. मन ही एक वेगळी शिट्टी आहे, ती कधी वाजेल ते मेजरांच्याही हातात नाही. तरी एक उपयोगी पडते. संध्याकाळी सहालाच, पळायला जाण्याआधी, उद्याची कामे आणि काळज्या वहीत लिहून काढायच्या. रात्री त्या आठवल्या तर "लिहिल्या आहेत" म्हणता येते. भिंतीवरचे घड्याळही मी दुसऱ्या भिंतीवर नेले. बारा वाजले, साडेबारा वाजले, आता साडेचारच तास उरले, हा हिशेब स्वतःच एक जागरण आहे. त्यापायी वहीतल्या नोंदी आता अंदाजाच्या झाल्या आहेत. मॅडमना ते चालले.

सकाळची नाडी मात्र मी रोज मोजते. पूर्वीच्या नोव्हेंबरातल्या पानांवर ती ६८ वरून ७६ वर गेलेली दिसते. झोप बिघडणे, सकाळची नाडी वाढणे, चिडचिड आणि वेळ मागे जाणे, ही सारी विश्रांती कमी पडल्याची लक्षणे आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी वेळ मागे गेली म्हणून रविवारीही पळत होते. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. भरतीवाल्याला अर्धी शक्ती परवडणार नाही, पण आठवड्यातून एक पुरा दिवस विश्रांतीचा आम्ही आता पाळतो. कोल्हापूरच्या तालमींत दुपारच्या झोपेला खुराकाइतकेच महत्त्व देतात, असे माझे मामा सांगतात. ते तरुणपणी तेथे होते. मला दुपार मिळत नाही. रविवारी मिळते, तीही वीस-पंचवीस मिनिटेच घेते, नाहीतर रात्रीचा भार हलका होतो.

सध्या मी बहुतेक रात्री अकराच्या सुमारास झोपते. पाचला उठायचेच असते, म्हणजे सहा तास. माझ्या वयाला सात ते नऊ तास हवेत असे तज्ज्ञ सांगतात. नळाला पाणी सहाला सोडावे असा अर्ज आम्ही मुलींनी ग्रामपंचायतीत दिला आहे. उत्तर आलेले नाही. जानेवारीच्या अखेरीस मेजरांनी वेळ लावली तेव्हा ३ मिनिटे ११ सेकंद भरले. अजून एकवीस सेकंद उरले आहेत.